मोटारीचे ब्रेक पाहावयाचे कोणी?

पूर्वी वाड्यातील विहिरीचा रहाट सर्वांचा असे, दिंडीदरवाजा सर्वांचा असे. सांप्रत मोटार सर्वांची असते. जी वस्तू सर्वांची, तिची देखभाल नेमकी कोणाकडे आहे असे विचारू गेल्यास मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात, हा आमच्या जामनेरातील अनेक घरांतला अनुभव आहे. गाडी थोरल्या बंधूंच्या नावावर, चालवितो धाकटा पुतण्या, पेट्रोलचे पैसे देतात मधले काका, आणि लग्नकार्याला, देवदर्शनाला, दवाखान्यात तिच्यातून जाते अवघे कुटुंब. रहाट कुरकुरला तर निदान कोणी तरी वंगण घालीत असे. मोटार मात्र धावते आहे तोवर ठीक आहे, असाच सर्वांचा समज असतो. ती धावते हे इंजिन निरोगी असल्याचे प्रमाण खरे. परंतु ती वेळेवर थांबेल ह्याचे प्रमाण त्यात तिळमात्र नाही.

हा विषय ह्या महिन्यात घेण्यास निमित्त झाले ते एका वाचकभगिनींच्या पत्राचे. त्या लिहितात की, गाडी थांबू लागली म्हणजे पुढच्या चाकापासून शिट्टीसारखा बारीक, कानास टोचणारा आवाज येतो. मागे बसणाऱ्या सर्वांस तो ऐकू येतो, परंतु गाडी चालविणारे चिरंजीव म्हणतात, "धूळ आहे, काही नाही." ह्यात खरे कोणाचे? आमचे उत्तर असे की, बहुधा मागे बसणाऱ्यांचे. ते कसे हे कळण्यासाठी ब्रेक म्हणजे काय वस्तू आहे एवढे प्रथम समजून घेतले पाहिजे. त्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. देवघरातील सहाण पाहिलेली असली म्हणजे पुरे.

सहाणेवर चंदनाचे खोड उगाळतो तेव्हा झिजते ते खोड. सहाणही झिजते, पण तिला एक पिढी लागते. मोटारीच्या पुढच्या चाकांच्या आतील बाजूस एकेक लोखंडी तबकडी असते. तिला डिस्क म्हणतात व ती चाकाबरोबर फिरते. तिच्या दोन्ही अंगांस एकेक वडी बसविलेली असते, हेच ब्रेक पॅड. वडीची पाठ पोलादी पट्टीची, आणि पोट घर्षणासाठी मुद्दाम सिद्ध केलेल्या मिश्रणाचे. त्या मिश्रणात तंतू, धातूंची पूड व त्यांस धरून ठेवणारी राळ असते, आणि ते सर्व उष्णता व दाब देऊन दगडासारखे घट्ट केलेले असते. आपण पेडल दाबतो तेव्हा नळ्यांतील द्रव, ज्यास बाजारात ब्रेक ऑइल म्हणतात, पुढे रेटला जातो. तो कॅलिपर नावाच्या चिमट्यातील दट्ट्यास ढकलतो, आणि दोन्ही वड्या फिरत्या तबकडीस दोन्हीकडून आवळतात. इकडे सहाण स्थिर व खोड फिरते, तिकडे खोड स्थिर व सहाण फिरते, एवढाच काय तो भेद. झिजायचे ते वडीने, हा मुळातच केलेला संकेत आहे. म्हणून पॅड झिजले हा कोणाचा अपराध नव्हे. खोड संपून बोटांची नखे सहाणेवर घासू लागेपर्यंत कोणी पाहिले नाही, हा अपराध.

महाग वस्तू झिजू नये म्हणून मध्ये स्वस्त वस्तू झिजावयास घालावी, ही युक्ती मोटारीच्या बाबतीत एका गृहिणीस सुचली, हे आमच्या वाचकभगिनींस ठाऊक असावे. मोटारीचे आद्य निर्माते कार्ल बेंझ ह्यांच्या पत्नी बेर्था ह्या ऑगस्ट १८८८ मध्ये पतीस न सांगता दोन मुलांस घेऊन मानहाइमहून फोर्ट्‌सहाइम ह्या आपल्या माहेरच्या गावी मोटारीने निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरांच्या वर. त्या गाडीस लाकडी ठोकळ्यांचे ब्रेक होते, आणि उतारावर ते झिजून निकामी होऊ लागले. तेव्हा वाटेतल्या एका खेड्यात त्यांनी चांभाराकडे जाऊन ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. जगातील पहिले ब्रेकचे अस्तर ते हेच, असे म्हणतात. पुढे १९०२ साली इंग्लंडात लँचेस्टर ह्यांनी तबकडीच्या ब्रेकचे पेटंट घेतले. मात्र ती पद्धत सर्वत्र रुळावयास अर्धशतक लागले. आमच्या पिढीने लहानपणी पाहिलेल्या अँबॅसिडर गाड्यांच्या चारही चाकांत ड्रमच असत. आणि पाचोरा–जामनेर ही अडीच फुटी रुळांची आमची लहान गाडी, जी २०२० साली बंद पडेपर्यंत धावत होती, तिचे ठोकळे तर थेट चाकांवरच आवळत. तो करकरीत आवाज ज्यांनी ऐकला त्यांस घर्षण म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको.

आता ह्यातील खरी फसवणूक सांगतो. पुष्कळांची समजूत अशी की, ब्रेक झिजले म्हणजे पाय खोल जाऊ लागेल आणि मग आपणांस कळेल. जुन्या ड्रमांच्या गाड्यांत तसे होत असे; मेस्त्रीकडून ब्रेक 'जवळ' करून घ्यावे लागत. तबकडीच्या ब्रेकमध्ये तसे होत नाही. वडी जितकी झिजेल तितका दट्ट्या पुढे सरकून राहतो आणि मागची पोकळी ब्रेक ऑइल भरून काढते. त्यामुळे पेडल जेथल्या तेथेच लागते. वडी दहा मिलिमीटर असो वा दोन, पायास फरक जाणवत नाही. चालविणारे चिरंजीव "ब्रेक तर उत्तम लागतात" असे म्हणतात ते खोटे बोलतात असे नव्हे. परंतु ज्या इंद्रियावर ते विसंबतात त्या इंद्रियास ही गोष्ट कळतच नाही. येथे पायापेक्षा कान आणि डोळा हीच प्रमाणे.

पातळ झालेली वडी साध्या रस्त्यावर नीट काम देते, मग भय कशाचे? भय उष्णतेचे. गाडीची गती ब्रेक नाहीशी करीत नाही. तिचे उष्णतेत रूपांतर करतो. बाराशे किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटरांवरून एकदा थांबली, तर जी उष्णता निर्माण होते तीत उन्हाळ्यातल्या माठाबाहेरच्या एक लिटर पाण्यास उकळी येईल. तीच गाडी ताशी ४० वरून थांबली तर पाव लिटरास. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट, हा नियम शाळेत आपण सर्वांनीच शिकलेला आहे. फक्त तो मोटारीत बसल्यावर आठवत नाही. आणि दोनशे मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेक दाबून उतरू म्हटले तर आठ लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता त्या तबकड्यांस व वड्यांस सोसावी लागते. जाड वडी ही उष्णता मागे जाऊ देत नाही. वडी पातळ झाली की ती पोलादी पाठीतून दट्ट्यापर्यंत आणि तेथून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. हे ऑइल हवेतील ओल शोषून घेते. डॉट ३ ह्या जातीचे ताजे ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, परंतु ओल धरल्यावर तेच १४० अंशांस उकळू शकते. ते उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीस टेकते. तोपर्यंत उत्तम लागणारे ब्रेक त्या क्षणी नाहीसे होतात. म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे असे जे पुस्तिकेत लिहिलेले असते, ते दुकानदाराच्या फायद्यासाठी नव्हे.

आता पाहावे कसे, ते सांगतो. नव्या पॅडवरील घर्षणाचा थर सामान्यतः दहा ते बारा मिलिमीटर असतो. तो तीन मिलिमीटरांवर आला की बदलण्याची वेळ झाली असे समजावे. दोनवर आला तर त्या पॅडांवर घाट उतरू नये आणि परगावीही जाऊ नये. मिलिमीटर मोजावयास घरात साधन नसेल तर दहा रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवावी. ती जाडी सुमारे साडेतीन मिलिमीटर होते. थर त्याहून पातळ दिसला की दिवस ठरवावा. मोजावयाचा तो थर मात्र. पोलादी पाठ त्यात धरू नये. बहुतेक गाड्यांच्या चाकांतील फटींतून विजेरीच्या प्रकाशात बाहेरची वडी दिसते. पण येथे एक सावधगिरी हवी. शितावरून भाताची परीक्षा करण्यास आमच्या शास्त्रात स्थालीपुलाकन्याय म्हणतात. तो न्याय स्वयंपाकघरात ठीक. ब्रेकला तो लागू पडत नाही. बाहेरची वडी जाड आणि आतली संपलेली, किंवा उजवीकडची शाबूत आणि डावीकडची पातळ, असे वारंवार आढळते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या धुळीने व गंजाने अडकल्या की एकाच वडीवर सर्व भार पडतो. आपल्याकडील उन्हाळ्यातील फुफाटा आणि पावसाळ्यातील काळ्या मातीचा चिखल पाहता ह्यात नवल नाही. तेव्हा पुढच्या चारही वड्या पाहाव्या. दर दहा हजार किलोमीटरांस चाकांची अदलाबदल करतात, त्या वेळी चाक निघालेलेच असते. तेव्हा दोन मिनिटे वाकून पाहण्यास कोणाची ना नसावी.

किती हजार किलोमीटरांनी पॅड बदलावे, असे पुष्कळ लोक विचारतात. तीस हजार ते साठ हजार असा मोघम आकडा सांगता येईल. पण तो तिथीसारखा पाळू नये. जामनेरहून नेरीमार्गे जळगावच्या रस्त्याने शांतपणे जाणाऱ्याचे पॅड, आणि पुण्याच्या गर्दीत दर पन्नास पावलांवर थांबणाऱ्याचे पॅड, हे एकाच वयाचे असूनही एकाच प्रकृतीचे नसतात.

कानांचे काम आता सांगतो, कारण पत्र लिहिणाऱ्या भगिनींचा प्रश्न तोच आहे. बहुतेक पॅडांच्या पाठीस एक लहानशी वाकविलेली पोलादी पट्टी जोडलेली असते. थर ठराविक मर्यादेपर्यंत झिजला की ती तबकडीस टेकते आणि शिट्टी वाजू लागते. हा बिघाड नव्हे, ही सूचना आहे. बनविणाऱ्याने ती बुद्ध्याच ठेवलेली आहे. मागच्या आसनावर खिडकी उघडी ठेवून बसलेल्या माणसास ती आधी ऐकू येते. पुढे गाण्यांचे यंत्र चालू असते. पावसाळी रात्रीनंतर सकाळी तबकडीवर तांबूस गंज चढतो व पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात. तेवढ्यात आवाज गेला तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु प्रत्येक वेळी, कोरड्या दिवशीही, शिट्टी येत असेल तर ती धूळ नव्हे. शिट्टी थांबून तिच्या जागी लोखंडावर कानस फिरविल्यासारखा जाड आवाज येऊ लागला, तर वडी संपली आणि पाठीची पट्टी तबकडी खात आहे असे जाणावे. त्या गाडीने मेस्त्रीकडे जाऊ नये. मेस्त्रीस गाडीकडे बोलवावे. ब्रेक दाबताच पेडल थरथरत असेल तर दोष बहुधा तबकडीत. गाडी एका अंगास ओढत असेल तर एक कॅलिपर अडकलेला. आणि समोरच्या फलकावर ब्रेकचा तांबडा दिवा लागला व हातब्रेक तर सोडलेला आहे, तेव्हा ऑइलची पातळी उतरली असे होते. ती वड्या झिजल्यामुळे उतरली की कोठे गळती आहे, हे पाहिल्यावाचून वरून ऑइल ओतून दिवा विझविणे म्हणजे ताप आलेल्या मुलाचा तापमापक झटकून ठेवणे होय.

हे सर्व आपणच का पाहावे, सरकारी तपासणी कशासाठी असते, असा प्रश्न निघेल. तर कायदा काय म्हणतो तेही ऐकावे. भाड्याच्या गाड्या, शाळांच्या बसगाड्या व मालमोटारी ह्यांस पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी योग्यतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. आपल्या खासगी मोटारीची नोंदणी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे पंधरा वर्षे चालते, आणि तेवढी वर्षे तिची योग्यता गृहीत धरलेली असते. नंतर दर पाच वर्षांस नूतनीकरण. मध्यंतरी जे प्रमाणपत्र आपण घेतो ते धुराचे. विमा उतरवितो तो कागद पाहून. म्हणजे नवी गाडी घरी आणल्या दिवशी जन्मलेले बालक दहावीस बसेपर्यंत त्या गाडीचे ब्रेक पाहण्यास सरकारचा एकही माणूस येत नाही. कायद्याने हे काम गृहस्थावर सोपविलेले आहे, आणि गृहस्थास ते ठाऊक नाही. आमचे मत असे की, ज्या घरात चार कर्ती माणसे आहेत तेथे ह्या कामास एक माणूस नेमावा. तो गाडी चालविणारा नसला तर उत्तमच. चालविणारा स्वतःच्या सवयीस न्यायाधीश होऊ शकत नाही. आमच्या परिचयाच्या एका घरात हे काम बारावीत शिकणाऱ्या कन्येकडे दिले आहे, आणि तिने वहीत प्रत्येक वेळची जाडी व किलोमीटर लिहून ठेवले आहेत. ती वही पाहून गॅरेजातील मेस्त्री तिच्याशी अदबीने बोलतो.

ब्रेक न लागल्याचे परिणाम पाहावयास आपणांस दूर जावयास नको. ४ जुलै २०२३ रोजी आपल्याच खानदेशात, धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे, मुंबई–आग्रा महामार्गावर एक अवजड मालमोटार इतर वाहनांस धडकून रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरली. किमान दहा माणसे गेली. मालमोटारीचे ब्रेक निकामी झाल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. मालमोटारीचे ब्रेक निराळ्या जातीचे असतात. ते हवेच्या दाबावर चालतात. परंतु तापलेल्या घर्षणाचा धर्म सर्वत्र एकच. ह्याच्या उलट उदाहरण पुण्याचे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी नवले पुलाजवळ एका मालमोटारीने उतारावर कित्येक वाहने चिरडली. तेथेही प्रथम ब्रेक निकामी झाले असेच म्हटले गेले. पुढे चौकशीत निघाले ते असे की, चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी तशीच सोडली होती. इंजिन बंद असता ब्रेकला मिळणारे साह्य जाते. आपल्या लहान मोटारीतही तसेच आहे. इंजिन बंद केल्यावर एक-दोनदा पेडल नीट दबते, मग ते दगडासारखे घट्ट होते. पेट्रोल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे सुशिक्षित गृहस्थ आम्ही पाहिलेले आहेत. वाचते ते बोटावर मोजण्याइतके पेट्रोल, आणि इंजिन जो आवर घालीत होते तो सर्व भार त्या चार वड्यांवर येऊन पडतो.

आमच्या जामनेरकरांस घाट म्हणजे अजिंठ्याचा. पहूर, फर्दापूर करीत छत्रपती संभाजीनगरकडे जाताना तो चढावा लागतो आणि घरी परतताना उतरावा लागतो. म्हणजे माणसे थकलेली, मुले झोपलेली व चालकास घरची ओढ, अशा वेळी उतार येतो. जुन्या चालकांचा दंडक असा की, ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये तो उतरावा, आणि ब्रेकवर पाय सतत न ठेवता थोडा वेळ दाबून पुन्हा सोडावा. ह्या दंडकास आधुनिक शास्त्राचाही पूर्ण आधार आहे. जळका वास आला तर कडेस सुरक्षित जागी थांबावे व अर्धा तास निवू द्यावे. तापलेल्या तबकडीवर पाणी ओतू नये. ती वाकते अथवा तिला तडा जातो. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींस चाके न अडकू देणारी जी एबीएस नावाची योजना सक्तीची झाली आहे, तिच्या भरवशावर राहणारेही भेटतात. ती योजना चाक घसरू देत नाही. संपलेली वडी ती भरून देत नाही.

राहिले बदलण्याचे काम. आमचा आग्रह असा नाही की प्रत्येकाने ते स्वतः करावे. ज्या घरात हत्यारे हाताळणारा जाणता मुलगा आहे तेथे पुढच्या चाकांचे पॅड घरी बदलता येतात; इतरांनी ते चांगल्या मेस्त्रीकडून, पण समोर उभे राहून, करवून घ्यावे. समोर उभे राहणाऱ्यास काय पाहावयाचे हे ठाऊक असावे म्हणून क्रम सांगतो. गाडी सपाट फरशीवर, हातब्रेक ओढून, मागच्या चाकांस दगड लावून उभी करावी. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच किंचित सैल करावे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये. खाली लोखंडी घोडी द्यावी, आणि काढलेले चाकही गाडीखाली सरकवून ठेवावे. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की बहुतेक गाड्यांत तो वर उचलला जातो व वड्या सुटतात. पूर्ण काढावा लागला तर तो तारेने वर बांधून ठेवावा. रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. येथेच घाईचा मेस्त्री ओळखू येतो. पॅडांची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. पूर्वी ह्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुफ्फुसांस घातक ठरली. आजची धूळही श्वासात घेण्याजोगी नव्हेच.

मग तबकडी पाहावी. तिच्यावर खोल चरे पडले आहेत काय, काठास उंचवटा झाला आहे काय? तिची कमीत कमी जाडी किती चालेल हे बहुधा तिच्यावरच कोरलेले असते. त्याखाली गेली असेल तर नवे पॅड घालून उपयोग नाही. खोलगट झालेल्या सहाणेवर नवे खोड नीट टेकत नाही, हे पुन्हा सांगावयास नको. ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्या पुसून त्यांस ब्रेकसाठीच मिळणारे ग्रीस थोडे लावावे. ते वडीच्या पोटास वा तबकडीस लागू देऊ नये. नवी वडी जाड, म्हणून दट्ट्या मागे रेटावा लागतो. तो शिकंज्याने हळूहळू रेटावा, आणि रेटताना बॉनेटखालील ऑइलच्या डब्यावर लक्ष असावे, कारण ऑइल तेथे वर चढते. मागे दिवा विझविण्यासाठी कोणी ते वरून ओतले असेल तर आता ते सांडेल, आणि ते ज्या रंगावर सांडते तो रंग उतरतो. काही नव्या गाड्यांस मागेही तबकड्या व विजेवर चालणारा हातब्रेक असतो. तेथील दट्ट्या असा रेटू नये, त्यास निराळे यंत्र लागते.

एकाच चाकाचे पॅड बदलून पैसे वाचवू नयेत. पुढची दोन्ही चाके एकदमच. नाही तर गाडी एका अंगास ओढेल. पॅड घेताना मोहोरबंद खोक्यात, गाडीच्या जातीचा क्रमांक जुळवून व पावतीसह घ्यावे. बनावट मालाचे रंगरूप अस्सलाहून अधिक सुबक असते. आमच्या स्नेह्यांपैकी एका कुटुंबास एका गॅरेजाने नव्या पॅडांचे पैसे लावले आणि गाडीत मात्र जुनेच राहिले. चार महिन्यांनी दुसरीकडे चाक काढले तेव्हा ते उघडकीस आले. म्हणून काढलेले जुने चारही पॅड मागून घ्यावे व घरी आणावे. मेस्त्री चांगला असेल तर त्यास ह्याचा राग येत नाही. शिवाय आतली आणि बाहेरची वडी शेजारी ठेवून पाहिल्या की पिना अडकत होत्या की नाही हे आपणांसही कळते, आणि घरातील मुलांस तो एक उत्तम पदार्थपाठ होतो.

काम झाल्यावर गाडी हलविण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत आठ-दहा वेळा दाबावे. हे कोणी विसरू नये. दट्ट्या मागे रेटलेला असतो. पहिल्या दाबास पाय थेट खाली जातो आणि गाडी थांबतच नाही. गॅरेजाच्या दारातच भिंतीवर गेलेल्या गाड्यांचे कारण पुष्कळदा एवढेच असते. नंतर ऑइलची पातळी पाहावी, नट पान्याने ठरल्या ताकदीने आवळावे, आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर अंगणातल्या नव्या कालवडीस चालवावे तसे हलक्या हाताने चालवावे. नवी वडी तबकडीच्या अंगाशी बसावयास तेवढा वेळ लागतो. पॅड बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी वणीस किंवा अजिंठ्यास निघू नये.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींस आमचे सांगणे असे की, चिरंजिवांशी वाद न घालता येत्या रविवारी सकाळी त्यांस विजेरी व दहा रुपयांची दोन नाणी द्यावी, आणि जे दिसेल ते आम्हांस कळवावे. मागच्या चाकांतील ड्रम, त्यांतील लायनर आणि हातब्रेकची सैल झालेली तार ह्यांविषयी पुढील अंकी लिहू.